भात गार होता हे ओळखायला कोरियाला जावं लागत नाही

ताटावरचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात मी विचारलं होतं, बाहेर जेवायला गेल्यावर कुठल्या पदार्थाने तुमची निराशा केली? बडोद्यातून आलेल्या पत्रांत कोरियन-जपानी जेवणाबद्दलची पत्रं इतकी निघाली, की या वेळची पानं त्यांनाच देते. पहिलं पत्र मोठं आहे, पण ते जवळजवळ पूर्ण छापलं आहे. त्यातल्या बाईंनी ताटात काय होतं ते फार नेमकं टिपलं आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी दांडिया बाजारात राहते, वय ६७. नातीला बारावीला चांगले मार्क मिळाले, म्हणून तिच्या आवडीच्या ठिकाणी जेवायला गेलो. ती कोरियन मालिका बघते, त्यांची अक्षरंही वाचायला शिकली आहे. जुन्या पादरा रोडच्या बाजूला एक नवं कोरियन-जपानी रेस्टॉरंट निघालंय. नाव लिहीत नाही. साधंच आहे, लाकडी बाकं, कागदी कंदील. आम्ही पाच जण होतो. आम्ही शाकाहारी, नात तेवढी अंडं खाते. दोन बिबिम्बाप (भातावर भाज्या आणि सॉस), सुशीची एक प्लेट, एक रामेन (सूपमधल्या नूडल्स), त्तोकबोक्की (तिखट सॉसमधल्या तांदळाच्या कांड्या) आणि किमची (आंबवलेला तिखट कोबी) मागवली.

बिबिम्बापचा भात गार होता आणि दाणा न् दाणा सुटा, बासमतीच असावा. वर कोबी, सिमला मिरची आणि बेबीकॉर्न सोया सॉसमध्ये एकत्र परतलेलं. एक लाल गोड सॉस बिबिम्बापवर होतं, तेच त्तोकबोक्कीत, आणि तेच सुशीवर मेयॉनेजसोबत रेघा ओढून. सुशीच्या भाताचा दाणा दाताला टचटच लागत होता. त्तोकबोक्की चावता चावेना. रामेनचं सूप कोमट आणि नूडल्स पाकिटातल्या, त्या आम्हीही घरी करतो. किमची म्हणजे व्हिनेगरमधला कोबी, त्याचे वेगळे १८० रुपये. बिल २,९०० च्या वर गेलं.

मी वेटरला सांगितलं, भात गार आहे. तो म्हणाला, "मासी, कोरियन तो आवुं ज होय." जावई म्हणाले, सोडा ना आई, आपल्याला यातलं काय कळतं! नात काही बोलली नाही. अर्धा बाउल तसाच ठेवून उठली, आणि मला तेच लागून राहिलंय. ताई, हे पदार्थ खरंच असेच असतात का? शाकाहारी केल्यामुळे बिघडतात का? आणि मला तिच्यासाठी घरी करता येईल का?

उत्तर : आजी, असे मुळीच नसतात. तुम्ही लिहिलेली एकूण एक तक्रार खरी आहे. वेटरचं उत्तर चुकीचं होतं आणि जावईबापूंचं तर त्याहून जास्त. बिबिम्बाप हा भाताचा पदार्थ, सुशीही भाताचाच, आणि त्तोकबोक्कीतल्या त्या पांढऱ्या कांड्या तांदळाच्या पिठाच्या. जन्मभर रोज भात लावलेली बाई त्या टेबलावर बसली होती आणि तिचंच म्हणणं कुणी ऐकलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

आता भाताचंच आधी सांगते, कारण तुमच्या जेवणातलं निम्मं दुखणं तिथे आहे. तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. बासमतीत अमायलोज जास्त, म्हणून तो मोकळा होतो. कोरियात आणि जपानमध्ये खातात त्या आखूड दाण्यात ते कमी, म्हणून तो भात एकमेकाला धरून राहतो आणि काड्यांनी उचलता येतो. शिजलेला भात गार होऊ लागला की स्टार्चची पुन्हा घट्ट रचना होते आणि दाणा कडक होतो. फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया सगळ्यात वेगाने होते. रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात सकाळी छान मोकळा होतो तो याचमुळे, आणि फोडणीत पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की तो पुन्हा मऊ होतो तेही याचमुळे.

त्तोकबोक्कीच्या कांड्यांचंही हेच. तांदळाचं पीठ वाफवून, कुटून, मळून त्या करतात. ताज्या असताना किंवा उकळत्या रश्श्यात पुरेशा शिजल्या असताना त्या चिवट लागतात, पण दात अलगद आत जातो. फ्रीजमधून काढून दोन मिनिटं सॉसमध्ये घोळवल्या तर आतून कडकच राहणार. म्हणजे तुमची सुशी, तुमची त्तोकबोक्की आणि तुमचा बिबिम्बाप, तिन्ही एकाच फ्रीजने बिघडवले. फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात शिजलेला भात तासन् तास बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. पण बिबिम्बापच्या भाताला वाढण्याआधी दणदणीत वाफ द्यायला पाच मिनिटं पुरतात. सुशीच्या भाताला तर फ्रीज दाखवायचाच नसतो. तो गरम असताना त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ घालतात, वारा घालून अंगाच्या उबेइतका निववतात आणि लवकर संपवतात. थोडा थोडा करावा लागतो, यात कष्ट आहेत. ते वाचवले की दाणा टचटचतो.

माझा मुलगा टोकियोत निशी-कासाईला राहायचा. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. मी त्याच्याकडे राहिले होते तेव्हा तो मला शिन-ओकुबोला घेऊन गेला. टोकियोतला हा भाग कोरियन लोकांचा. तिथल्या एका छोट्या खाणावळीत मी बिबिम्बाप खाल्ला तो दगडाच्या भांड्यातला. भांडं टेबलावर आलं तेव्हा तडतड आवाज येत होता. मालकीणबाईंना कळलं की मी पहिल्यांदाच खातेय. त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला आणि त्याच्या पाठीने भात भांड्याच्या कडांवर दाबून बसवला, मला हाताने थांबायची खूण केली. थोड्या वेळाने तळाशी खरवड धरली, तांबूस, कुरकुरीत. मग सगळं खालून वर एकजीव केलं. पालक वेगळा लागत होता, मोड वेगळे, गाजर वेगळं, कारण प्रत्येक भाजी निराळी शिजवून निराळी चवीला लावलेली होती. कोरियन लोक अशा भाज्यांना नामुल म्हणतात आणि बिबिम्बापचा जीव त्यांच्यात असतो. जेओन्जू शहर ज्या बिबिम्बापसाठी प्रसिद्ध आहे, त्याचंही वैभव हेच, एका भातावर कितीतरी भाज्या, प्रत्येकीला आपली चव. सगळ्या भाज्या एका कढईत सोया सॉस ओतून परतल्या की ती फक्त सोया सॉसची भाजी होते.

दगडाचं भांडं नसलं तरी चालतं बरं का. साध्या बाउलमधला बिबिम्बापही तितकाच खरा. भात मात्र ऊनच हवा.

लाल सॉसबद्दल. कोरियन गोचुजांग हे आंबवलेलं वाटण आहे. मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, जवाचं माल्ट आणि मीठ, हे मातीच्या रांजणात महिनोन् महिने मुरवतात. त्यात गोडवा असतो, पण तो मागाहून येतो, त्याच्याआधी खारट, गडद, मुरलेली चव लागते. तुम्ही वर्णन केलेलं सॉस पहिल्या घासालाच गोड होतं, म्हणजे त्यात टोमॅटो केचप आणि साखर भरपूर असणार. महागडं वाटण पुरवायची ही सोपी युक्ती आहे. सुशीवर तर त्याचं कामच नव्हतं.

आणि इथेच त्या स्वयंपाकघराचा कच्चेपणा उघडा पडतो. कोरियन आणि जपानी पदार्थ एका छपराखाली ठेवायला माझी हरकत नाही. दोन्ही देश शेजारी, पदार्थांची देवाणघेवाण जुनी आहे. कोरियन किमबाप आणि जपानी माकी सुशी, दोन्ही समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्या, दिसायला बहिणी. पण सुशीच्या भाताला व्हिनेगर लागतं आणि किमबापच्या भाताला तिळाचं तेल आणि मीठ. पुरणपोळी आणि थालीपीठ एकाच पिठाचं करावं, तसं एक भात आणि एक सॉस घेऊन दोन देशांची पानं मेनूकार्डात छापली की दोन्हीकडचं काही धड उतरत नाही.

किमचीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. कोबीला मीठ लावून मऊ पाडतात, धुऊन निथळतात, मग मिरची, आलं, लसूण, कांद्याची पात लावून आंबू देतात. आंबटपणा कोबीतल्याच लॅक्टिक जिवाणूंमुळे येतो. तो जिभेच्या कडांना लागतो, हलकासा चुरचुरतो. व्हिनेगरचा आंबटपणा आधी नाकात जातो. घरात कैरीचं लोणचं मुरताना बघितलेल्या बाईला हा फरक न सांगता कळतो. न आंबवलेली ताजी किमचीसुद्धा कोरियात करतात, पण व्हिनेगरमध्ये बुडवलेला गोड कोबी ती नव्हे. वेगळ्या पैशांचं म्हणाल तर कोरियात जेवणासोबतच्या छोट्या वाट्या फुकट येतात आणि संपल्या की पुन्हा भरून देतात. इथे पैसे लावले तर ती फसवणूक नाही, मेनूवर किंमत लिहिलेली असली म्हणजे झालं. पण १८० रुपये घेऊन किमची तरी द्या!

रामेनच्या बाबतीत मी थोडी त्यांची बाजूही सांगते. पाकिटातल्या नूडल्स उकळून देणं कोरियात हलकं मानत नाहीत. झटपट नूडल्स जपानमध्ये १९५८ साली आल्या, कोरियात १९६३ साली, आणि तिथल्या छोट्या खाऊगल्ल्यांत त्तोकबोक्की आणि किमबापच्या शेजारी त्या रोज विकल्या जातात. तुमच्या मेनूवर 'कोरियन रामयॉन' लिहून माफक किंमत घेतली असती तर माझी तक्रार नव्हती. जपानी रामेन म्हणून विकताना मात्र रस्सा हाच पदार्थ असतो, आणि रस्सा तोंड भाजेल इतका गरम लागतो. त्या नूडल्समध्ये पापडखारासारखाच एक क्षार घालतात, म्हणून त्या पिवळसर आणि लवचिक होतात, गरम रश्श्यात लवकर विरघळत नाहीत. कोमट सूप देण्याला कुठल्याच देशाच्या रिवाजाचा आधार नाही.

शाकाहारी केल्यामुळे बिघडलं का, हा तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बडोद्यात सगळी हॉटेलं हीच सबब पुढे करतात. दोन्ही देशांत बौद्ध मठांचा शाकाहारी स्वयंपाक शेकडो वर्षांपासून चालत आला आहे. जपानमध्ये त्याला शोजिन र्योरी म्हणतात. मठात मासे चालत नाहीत, म्हणून तिथे कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेली शिताके मशरूम भिजवून रस्सा काढतात. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोम्बूच्याच रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. म्हणजे ज्या चवीसाठी जपानी रस्सा ओळखला जातो, तिचा शोधच शाकाहारी वस्तूत लागला. बेबीकॉर्न टाकलं की शाकाहारी झालं, असं समजणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता घरचं. तुम्हाला नक्की येईल. आपल्याकडे गुजरातचा जिरासर मिळतो, पण या कामाला तो नको, पुण्याकडचा इंद्रायणी आणा. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा, अडीच वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवा. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी. पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात काढा आणि घट्ट पिळा. हे पिळणं नीट झालं नाही तर सगळा बाउल पाणचट होतो. मुगाचे मोड लांब शेपटीचे हवेत, दोन-तीन मिनिटं उकडून निथळा. दोन्हींना मीठ, किसलेला लसूण आणि तीळ, पण निरनिराळ्या वाडग्यांत. गाजराच्या काड्या चमचाभर तेलावर परता. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून पाणी सुटलं की पिळून घ्या. मशरूम चालत असतील तर सोया सॉसच्या चार थेंबांवर परता.

कोरियन लोक भाजलेल्या तिळाचं तेल वापरतात, आपलं घाणीचं तेल कच्च्या तिळाचं असतं. म्हणून घाणीचं तेल घ्या आणि तीळ तांबूस भाजून, हातावर चुरडून वर घाला, वास बराच जवळ येतो. गोचुजांगचा डबा मात्र विकतच आणा, त्याला घरगुती पर्याय शोधू नका. तीन मोठे चमचे गोचुजांग, एक चमचा तिळाचं तेल, थोडी साखर, थोडं पाणी, एवढंच सॉस.

शेवटी बिडाची कढई किंवा खोलगट तवा तापवा, चमचाभर तेल पसरा, ऊन भात त्यावर थापा आणि हलवू नका. पाच-सहा मिनिटांत तडतड ऐकू येईल. मग भाज्या रंगाप्रमाणे मांडा, मध्ये नातीसाठी अर्धकच्च्या बलकाचं अंडं, बाकीच्यांसाठी परतलेला टोफू. तवा तसाच टेबलावर न्या. कालवायचं काम नातीला द्या, तिने मालिकांत शंभरदा पाहिलेलं असणार.

प्रश्न : अशा ठिकाणी जेवण आवडलं नाही तरी पूर्ण बिल भरावंच लागतं का? आमच्या बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्जही होता. काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणाले, कंपनीचा नियम आहे. मुलांसमोर वाद नको म्हणून दिला. (कारेलीबाग)

उत्तर : चव आवडली नाही म्हणून पैसे नाकारता येत नाहीत. पण गार अन्न, शिळं अन्न, मागवलं एक आणि आलं दुसरं, या चवीच्या गोष्टी नाहीत. त्या दोन-तीन घासांतच सांगायच्या. वाटी रिकामी करून मग सांगितलं की तुमची बाजू लंगडी पडते. वेटरला सांगून भागलं नाही तर मॅनेजरला टेबलापाशी बोलवा आणि नेमकं बोला. 'मजा नाही आली' असं म्हटलं की ते हसून माफी मागतात आणि निघून जातात. 'भात गार आहे, वाफ देऊन आणा' असं म्हटलं की त्यांना काहीतरी करावंच लागतं.

सर्व्हिस चार्जचं मात्र स्पष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की हॉटेलांनी तो बिलात आपणहून लावायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही. द्यायचा की नाही ही ग्राहकाची मर्जी. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो, दोन्हींची गल्लत करू नका. मॅनेजर ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिलाचा फोटो जपून ठेवा. आणि मुलांसमोर शांत आवाजात आपला हक्क मागायला संकोच कसला? त्यांनीही हे शिकायलाच हवं.

प्रश्न : मी फतेगंजला होस्टेलमध्ये राहते. माझी रूममेट जैन आहे, मी शाकाहारी. दोघींना कोरियन खायची फार हौस. मेनूवर 'व्हेज' लिहिलेलं असलं की निर्धास्त खावं का?

उत्तर : निर्धास्त नको, विचारून खा. मासे या स्वयंपाकात डोळ्यांना दिसत नाहीत, रश्श्यात आणि सॉसमध्ये असतात. पारंपरिक किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशांचं सॉस पडतं. जपानी मिसो सूपचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं सूप) रस्सा बहुधा बोनिटो नावाच्या माशाच्या वाळवलेल्या कीसाचा असतो. भाज्यांचा टेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, व्हेज दिसतो, पण सोबतच्या पातळ चटणीत तोच रस्सा असू शकतो. परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचं. सुशीभोवतीचं काळं-हिरवं नोरी मात्र समुद्री शेवाळ आहे, त्याला घाबरू नका.

'यात फिश आहे का' असं विचारलं की वेटर सवयीने 'नो मॅडम' म्हणतो. 'किमची इथेच करता की डब्यातली? डबा दाखवता का?' असं विचारा. डब्यावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. चांगलं रेस्टॉरंट डबा दाखवायला का-कू करत नाही.

तुझ्या रूममेटसाठी थोडं अवघड आहे, पण दार बंद नाही. मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, फक्त मुळा, गाजर, मशरूम तिथे सर्रास वापरतात, ते तिला चालणार नाहीत. तिने काकडी, पालक आणि टोफूचा किमबाप सांगावा, भाताला तिळाचं तेल आणि मीठ, आत लसूण नाही. एवढं कुठलंही स्वयंपाकघर करून देऊ शकतं. ऐनवेळी गर्दीत सांगण्यापेक्षा दुपारी फोन करून ठेवलंत तर मनापासून करतील.

प्रश्न : ताई, मी अकोट्यात कोरियन पदार्थांचं छोटं दुकान चालवतो, चार टेबलं. गिऱ्हाइकांना सगळं गोड आणि चीज घातलेलं हवं असतं. गोचुजांग महाग, आयात केलेला तांदूळ महाग. खरं करून वाढलं तर परत पाठवतात, सोपं करून वाढलं तर तुमच्यासारखे जाणकार नावं ठेवतात. आम्ही काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र आलं याचा मला मनापासून आनंद झाला. वरच्या पत्रांतली नाराजी वाचून कुणाला वाटेल, हे सगळे धंदेवाले लुबाडायलाच बसले आहेत. तसं नाही. भाडं, गॅस, पोरांचे पगार, ऑनलाइन ऑर्डरवरचं कमिशन, हे सगळं काढून चार टेबलांवर दुकान चालवणं किती अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या मामांची खंडेराव मार्केटजवळ खाणावळ होती, पहाटे भाजी निवडायला आम्ही मुलंही बसायचो.

गिऱ्हाइकाला गोड हवं असेल तर द्या. कोरियातही चीज घातलेली त्तोकबोक्की मिळते, त्यात पाप नाही. बडोद्याच्या शेव-उसळीत महाराष्ट्रातली उसळच आहे, पण इथल्या लोकांनी ती आपल्या जिभेची करून घेतली आणि आज तिच्यासाठी रांगा लागतात. चव बदलायला कुणाची ना नाही. पण शेव-उसळवाला रस्सा कोमट देत नाही, वाटाणा कच्चा ठेवत नाही. तुमचंही तसंच असू द्या.

पदार्थ कमी करा. चार टेबलांना मेनूवर तीस नावं कशाला? बिबिम्बाप, किमबाप, त्तोकबोक्की, रामयॉन, किमची. सुशी सोडून द्या. तिचा भात, तिचं व्हिनेगर, तिचा हात, सगळं वेगळं, आणि निम्मी सुशी रात्री टाकून द्यावी लागते. त्यातून वाचलेल्या पैशांत खरं गोचुजांग बसतं. तांदूळ आयात करू नका, इंद्रायणी घाऊक घ्या आणि एकदम मोठा भात लावण्याऐवजी दुपारी आणि संध्याकाळी दोनदा लावा. उरलेला पातळ थरात पसरून लवकर गार करा, फ्रीजला ठेवा आणि वाढताना स्टीमरमध्ये धरा. त्तोकबोक्कीच्या कांड्या आधी पाण्यात भिजवा, मग उकळत्या सॉसमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत ठेवा. ऑर्डरला दहा मिनिटं लागतील, ते पाटीवर लिहून टाका. लोक थांबतात.

किमची स्वतः करा, याच्याइतकी स्वस्त आणि नाव मिळवून देणारी दुसरी वस्तू तुमच्या दुकानात नाही. चायनीज कोबी मिळाला तर उत्तम, नाहीतर आपला साधा कोबीही चालतो, कोरियातही त्याची किमची करतात. माशांच्या सॉसऐवजी कोम्बूचं पाणी आणि थोडा सोया सॉस घाला, म्हणजे शाकाहारी गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगता येईल. बडोद्याच्या मे महिन्यात बरणी बाहेर एक दिवसही पुरे, थंडीत दोन-तीन दिवस लागतात. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, वायू धरतो, झाकण रोज सैल करा आणि कोबी आपल्याच पाण्याखाली दाबलेला ठेवा. बुडबुडे दिसायला लागले आणि वास आंबूस आला की फ्रीजमध्ये.

आणि कुणी वाटी परत पाठवली तर वाईट वाटून घेऊ नका, टेबलापाशी जाऊन विचारा, काय आवडलं नाही. तिखट जास्त झालं म्हणाले तर सॉस वेगळ्या वाटीत द्यायला सुरुवात करा, कोरियातही बिबिम्बापचं सॉस पुष्कळदा वेगळंच देतात, ज्याने त्याने आपल्या बेताने घालावं. भात गार आहे म्हणाले तर तो बाउल उचला, दुसरा आणा आणि त्याचे पैसे लावू नका. दुकानाचा पत्ता मासिकाकडे कळवून ठेवा. दांडिया बाजारच्या आजींची हरकत नसेल तर त्यांना आणि त्यांच्या नातीला घेऊन मी स्वतः येईन, आणि पैसे देऊन जेवेन.